फटफटीवरचा क्रमपाठ

वेदमूर्ती श्रीपादशास्त्री धुपकर यांची आणि माझी पहिली भेट ब्रह्माघाटाजवळच्या एका गल्लीत झाली, आणि त्या वेळी मी रडायच्या बेतात होते. बँकेनं माझी बदली कराडहून थेट वाराणसीला केली होती. सामान ट्रकनं आलं, मोटारसायकल रेल्वेनं आली. आल्यानंतर थोड्याच दिवसांत फोनमधल्या नकाशावर विश्वास ठेवून मी ती गाडी अशा गल्लीत घातली की पुढं पायऱ्या, दोन्ही बाजूंना भिंती आणि मागं दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला. वळवायला जागा नाही, ढकलत मागं न्यावी तर चढ. सायकलवाला शांतपणे म्हणाला, "मैडम, ई गली हौ, हाइवे नाहीं." मला असा राग आला म्हणता! बदलीचा, नकाशाचा आणि त्या दूधवाल्याचा, सगळ्यांचा एकदम.

तेवढ्यात शेजारच्या दारातून एक गृहस्थ बाहेर आले. धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळाला भस्म, शेंडीला गाठ. मी मनाशी म्हटलं, झालं, आता उपदेश ऐका. त्यांनी माझ्याकडं न बघता आधी गाडीची नंबरप्लेट बघितली आणि मराठीत विचारलं, "एमएच पन्नास. म्हणजे कराड ना?" परक्या गावात कुणी आपल्या गावचं नाव घेतलं की काय होतं ते बदली झालेल्यांनाच कळेल. मी नुसती मान हलवली. "तुम्ही हँडल पकडा, सोडू नका," असं म्हणून त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, साइड स्टँड लावला, गाडी त्या एका स्टँडवर तोलली, मागचं चाक वीतभर उचललं आणि जातं फिरवावं तशी अख्खी गाडी जागच्या जागी गर्रकन फिरवली. दूधवाला म्हणाला, "जय हो गुरू!" आणि शास्त्रीबुवा हात झटकत मला म्हणाले, "रविवारी चुनारच्या किल्ल्यावर चाललोय. येता?" मी हो म्हणून बसले. नाव, गाव, ही कुठली मंडळी, हे सगळं नंतर विचारलं.

त्या रविवारपासून मी त्यांच्या 'चाकोरी मोटारसायकल मंडळा'ची सभासद आहे. सकाळी पाठशाळेत वेद शिकवणारे, दुपारी यजमानांकडं जाणारे आणि रविवारी मोटारसायकलींची रांग घेऊन एखाद्या गडाकडं, धबधब्याकडं किंवा पडक्या मकबऱ्याकडं निघणारे शास्त्रीबुवा यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यात मी लिहावं असा संपादकांचा आग्रह. आग्रह कसला, तगादाच! पण खरं सांगते, हा लेख मी एकदा पूर्ण लिहून फाडला. त्या लेखातली सगळी क्रियापदं भूतकाळी होती. 'शास्त्रीबुवा गाडी चालवत', 'शास्त्रीबुवा रांगेच्या पुढं असत'. माणूस समोर धडधाकट बसलाय, पानाला चुना लावतोय, आणि मी आपली 'असत, असत' करत सुटलेली.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी शास्त्रीबुवांनी इंदूकाकूंना, म्हणजे आपल्या सौभाग्यवतींना, दवाखान्यात शब्द दिला होता की पंचाहत्तरी झाली की गाडीवर बसणं बंद. मंडळात हे सगळ्यांना पाठ होतं. पंचाहत्तरी लांब होती तोवर त्यावरून चेष्टा चालायची. यंदाचा पावसाळा संपला आणि चेष्टा बंद झाली. ज्या माणसानं आम्हांला काशीभोवतीचा हा पूर्वांचल दाखवला, त्याची गाडी आता दारात धूळ खाणार, या विचारानं माझा तर जीव तुटत होता. शास्त्रीबुवा मात्र शांत. कुणी विषय काढला की एवढंच म्हणायचे, "शब्द दिलाय. वेदातला शब्द वेगळा आणि घरातला वेगळा, असं नसतं."

शास्त्रीबुवा शब्दाच्या बाबतीत असे कडक का, हे समजायला त्यांची विद्या थोडी समजून घ्यावी लागते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनीच सांगितलं की वेद तोंडपाठ टिकवायचा तर त्यातला एकही शब्द गळता कामा नये, म्हणून म्हणायच्या निरनिराळ्या रीती आहेत. त्यातली एक क्रमपाठ. पहिला शब्द दुसऱ्याला जोडून म्हणायचा, मग दुसरा तिसऱ्याला जोडून, मग तिसरा चौथ्याला. प्रत्येक शब्दानं पुढच्या शब्दाचा हात धरलेला. मधला एखादा सुटला तर लगेच ठेच लागते. आता ही रीत हजारो वैदिकांना माहीत असेल, पण ती मोटारसायकलींना लावायचं सुचलं ते आमच्या शास्त्रीबुवांना! मंडळाचा कायदा एकच: पहिल्यानं दुसऱ्याला सांभाळायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आरशात मागचा दिसला नाही की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याला तुम्ही दिसत नाही, मग तो थांबतो, मग त्याच्या पुढचा. बघता बघता सगळी रांग आपोआप उभी राहते. फोन नको, शिट्टी नको. सगळ्यांत हळू चालवणारा दुसऱ्या जागी आणि शेपटाला पांडेजी. पांडेजी रेल्वेत गार्ड होते. त्यांना उभ्या जन्मात शेवटच्या डब्याशिवाय दुसरं काही ठाऊक नाही, त्यामुळं ती जागा त्यांचीच.

नवीन म्हणून पहिल्या चुनारच्या फेरीला दुसऱ्या जागी मी होते. आणि तिथंच मी मंडळाच्या इतिहासात अजरामर झाले. गंगेवरच्या पुलाच्या अलीकडं रस्ता फुटतो. एक फाटा वर पुलावर जातो, एक उतरून नदीच्या वाळूकडं. पुलावर ट्रकांची रांग अडकली होती म्हणून आम्ही थांबलो होतो. रांग सुटली तसे शास्त्रीबुवा मागं वळून मोठ्यानं ओरडले, "बाई, रस्ता खाली आहे! या बिनधास्त!" आणि सुटले. आता मी कराडची. माझा 'खाली' म्हणजे खालचा. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या धुपकरांचा 'खाली' म्हणजे रिकामा, मोकळा. मी बिनधास्त हँडल वळवलं आणि घातली गाडी उताराला!

गंमत पुढंच आहे. माझ्या मागच्या मंडळींना रस्ता बरोबर माहीत होता. पण क्रम मोडायचा नाही ना! पुढची उतरली म्हणून तिसरा उतरला, तिसरा उतरला म्हणून चौथा, आणि शेवटी पांडेजीसुद्धा हेडलाइट लावून उतरले. सगळे वाळूत. चाकं रुतलेली. एक नाववाला वल्ह्यावर हनुवटी टेकून बघत होता. तो म्हणाला, "का हो, फटफटियो पार लगावे के बा का?" आणि वर, भल्या मोठ्या पुलावर, आरशात कुणीच दिसेना म्हणून थांबलेले शास्त्रीबुवा एकटेच कठड्यावरून वाकून आमच्याकडं बघताहेत!

मला वाटलं, आता मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतील. ते खाली आले, वाळूत बसकण मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग गंभीरपणे म्हणाले, "यांची काही चूक नाही. मराठी यांची बरोबर आहे, आपली बिघडली." त्याच दिवशी मंडळात 'खाली' या शब्दावर बंदी आली. मोकळा असेल तर मोकळा म्हणायचं, उतार असेल तर उतार. ही बंदी सगळे पाळतात, शास्त्रीबुवा सोडून. टाकी खाली, पोट खाली, चौक खाली. आम्ही सगळे एकदम "बुवा!" म्हणून ओरडतो आणि ते जीभ चावतात.

त्यांच्याबरोबर एखादं ठिकाण पाहणं म्हणजे काय असतं हे एका उदाहरणानं सांगते. पाटी वाचून दाखवणं, सनावळ्या सांगणं त्यांना जमत नाही, आवडतही नाही. एकदा म्हणाले, "येत्या रविवारी घाट बघायला जाऊ." आम्ही चकित. घाट तर रोजचाच. अहिल्याबाई घाटावर निम्म्या मंडळाची सकाळ जाते. ते म्हणाले, "तो झालेला घाट. आपण न झालेला बघू." आणि आम्हांला घेऊन गेले चुनारच्या पलीकडच्या डोंगरात, दगडाच्या जुन्या खाणींकडं. हाच दगड नावांत घालून प्रवाहाबरोबर काशीला यायचा, आपले घाट याचेच. तिथं रानात, बाभळींच्या मधे, अर्धवट तासलेला एक लांबलचक दगड पडला होता. तीन बाजू साफ, चौथी तशीच. छिन्नीच्या खुणा अगदी काल मारल्यासारख्या. शास्त्रीबुवांनी त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "भोसले घाटावर तुम्ही ज्याला पाठ टेकून बसता, त्याचा हा भाऊ. याला काही नाव मिळाली नाही." एवढंच. पण त्यानंतर मी भोसले घाटावर गेले तेव्हा त्या उंच दगडी भिंतीसमोर किती तरी वेळ नुसती उभी होते.

गडावर, धबधब्यावर, मकबऱ्यावर, कुठंही गेलं तरी त्यांचा रिवाज असा की प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा. उत्तर येत नसेल तर तिथल्या माणसाला विचारायचं. सासारामच्या तळ्यातल्या मकबऱ्यापाशी त्यांनी चणे विकणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर एवढ्या गप्पा मारल्या की शेवटी तो म्हणाला, "पंडितजी, अब आप ही टोकरी सँभालिए, हम घूम आते हैं." आणि शास्त्रीबुवा खरोखर टोपलीपाशी बसले! राजदरी-देवदरीच्या धबधब्यावर पाणी पडताना ऐकून त्यांनी आम्हांला विचारलं होतं, यात किती सूर ऐकू येतात? आम्ही आपले एक, दोन करत बसलो. पांडेजी म्हणाले, "हमको तो खाली शोर सुनाई देता है." त्यांचा 'खाली' म्हणजे नुसता, पण सगळे ओरडले, "पांडेजी, खाली बंद!" बिचारे म्हणाले, "अरे, हम तो हिंदी बोल रहे हैं!"

आता माझ्या वडिलांची हकीकत. ते एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना नेलं, त्यामुळं दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक शोधतो. माझ्या मोटारसायकलीवर त्यांचा राग होता. मला भेटायला बनारसला आले तेही तोंड फुगवूनच. "एकटीनं राहतीस, वर हे असलं," हा पाढा दिवसातून चार वेळा. शास्त्रीबुवा घरी आले, चहा झाला आणि ते वडिलांना म्हणाले, "पाटीलसाहेब, सारनाथला जाऊन येऊ या. पण माझी एक अडचण आहे. मी मागं बसलो की मला झोप येते, तेव्हा तुम्ही बोलत राहायला लागेल." मला काही उमजेना. दारात गेल्यावर बघते तर त्यांनी स्वतःची चावी वडिलांच्या हातात दिलेली! चार पिढ्यांच्या वैदिकाला मागं बसवून माझे वडील सारनाथला गेले आणि संध्याकाळी आले ते शीळ वाजवत. रात्री जेवताना म्हणाले, "गाडीचा क्लच जरा घट्ट आहे. बाकी मंडळी चांगली आहेत तुझी." पुन्हा त्यांनी मोटारसायकलीबद्दल ब्र काढला नाही. शास्त्रीबुवांनी मला त्या दिवशी काय दिलं, ते त्यांना माहीत आहे. मी कधी बोलले नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आणि आता तो दवाखाना. मिर्झापूरकडच्या एका गावात यजमानांकडं पूजा सांगून शास्त्रीबुवा एकटेच परत येत होते. मंडळाची फेरी नव्हती, बरोबर कुणी नव्हतं. वळणावर सांडलेल्या खडीवरून चाक सरकलं आणि ते रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं. शेळ्या घेऊन चाललेल्या एका बाईला ते दिसेपर्यंत बराच वेळ तसेच पडून होते. पांडेजी आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा इंदूकाकू खाटेशेजारी उभ्या होत्या, बसायला तयार नाहीत. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्या म्हणत होत्या, "आत्ताच्या आत्ता वचन द्या." शास्त्रीबुवा म्हणत होते, "इतक्यात नको गं, पंचाहत्तरीपर्यंत थांब." घासाघीस झाली, दोघांचेही आवाज चढले, नर्स ओरडली आणि शेवटी वचन दिलं गेलं. आम्ही दाराशी होतो. गाडीवर बसणार नाही, एवढं ऐकलं आणि आम्हांला त्या वेळी ते पटलंही.

पण यंदा पंचाहत्तरी दारात आल्यावर मला राहवेना. शास्त्रीबुवांना न सांगता मी काकूंकडं गेले. म्हटलं, काकू, मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना माझ्यापेक्षा लख्ख दिसतं. डॉक्टरांनी चालवायला ना केलेली नाही. ते कधीच जोरात चालवत नाहीत. त्यांची गाडी काढून घेऊ नका. काकू तांदूळ निवडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शैला, वचन त्यांनी दिलंय. मी का सोडू?" मी म्हटलं, "थोडी दया दाखवा हो!" तर म्हणाल्या, "खडे निवडू लाग. नुसती बोलू नकोस." मी चिडले. खडे निवडले, पण चिडूनच. घरी आले आणि तो फाडलेला लेख त्याच संतापात लिहिला.

वाढदिवस तिथीनं होता. घरी पंचाहत्तरीची शांत झाली, ओवाळणं झालं. मंडळाचे आम्ही सगळे ओळीनं भिंतीला टेकून बसलेलो. मुलगा पुण्याहून आला होता आणि बापाची गाडी सुटणार म्हणून तो एकटाच खुशीत. शास्त्रीबुवा उठले, देवापुढची चावी उचलली आणि काकूंच्या हातावर ठेवली. म्हणाले, "घे. वचनाप्रमाणे सोडली." पांडेजींनी मान वळवली.

काकू म्हणाल्या, "सोडायला कुणी सांगितलं?"

"अगं, वचन दिलं होतं ना."

"काय दिलं होतं? म्हणून दाखवा."

शास्त्रीबुवांनी खडा आवाज लावला. "पंचाहत्तरी झाली की मी गाडीवर बसणार नाही."

"चूक."

धुपकरशास्त्र्यांना पाठात चूक सांगणारं माणूस काशीत तरी उरलेलं नाही. काकू म्हणाल्या, "एक शब्द गाळलात. परत म्हणा."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. पाठात अडलेल्या विद्यार्थ्यांचा हात स्वरांबरोबर हलतो, तसा त्यांचा हात हलला. "पंचाहत्तरी झाली की मी..." आणि ते थांबले. डोळे उघडून काकूंकडं बघायला लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "पंचाहत्तरी झाली की मी एकटा गाडीवर बसणार नाही."

"हां! एकटा!" काकू उसळल्या. "त्या एका शब्दासाठी मी दवाखान्यात भांडले होते. तुम्ही तिथं एकटे पडून होतात म्हणून माझ्या तोंडचं पाणी पळालं. फटफटीशी माझं काय वैर? मी कधी मना केलं तुम्हांला?"

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्हांला कधी आठवतंय ते बघत होते. सगळा वेद पाठ आहे, बायकोपुढं बोललेलं एक वाक्य नाही! आणि ही शैला आली होती तुमची वकिली करायला. मला काय पाहिजे ते हिनं तरी विचारलं?"

मी खाली बघितलं. उतार, मोकळा, काय म्हणायचं ते म्हणा. शास्त्रीबुवांनीच विचारलं, "तुला काय पाहिजे?"

काकू आत गेल्या आणि एक चिनीमातीची बरणी घेऊन आल्या. मग दुसरी, मग तिसरी. जमिनीवर मांडत गेल्या. "लोणच्याची. मुरंब्याची. मिठाची. ही तुपाची, हिचं झाकण फुटलंय. लग्न होऊन आले तेव्हा एकदा मागं बसायला निघाले होते, तर सासूबाई म्हणाल्या, वैदिकाच्या घरची सून फटफटीवर? मी उतरले. त्यानंतर तुम्ही जन्मभर चुनारला जाताय आणि दर खेपेला मला चुनारची बरणी आणताय. माझ्याकडं आता बरण्या ठेवायला जागा नाही. मी चुनार बघितलेलं नाही."

इथून चुनार ते किती लांब! सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी. शास्त्रीबुवा खालच्या मानेनं त्या बरण्यांकडं बघत राहिले. मुलगा "आई, या वयात..." म्हणायला लागला, तर काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढचं वाक्य गिळलं. आणि भिंतीकडून पांडेजी एकदम उभे राहून ओरडले, "लाइन क्लियर!" मग जो काही गलका झाला! कोण हसतंय, कोण डोळे पुसतंय. मी काकूंना मिठीच मारली.

रविवारी सकाळी पुलापाशी आम्ही जमलो. साडी चाकात अडकेल का, काकूंना एका बाजूनं बसवावं का, यावर आमची चर्चा चाललेली, तोवर काकू आल्या त्या नऊवारीचा घट्ट काष्टा मारून, डोक्यावर कोरं हेल्मेट घालून, आणि दोन्हीकडं पाय टाकून झकास बसल्या. आमच्या जीन्सपेक्षा ते नेसणं सोयीचं! नवऱ्याला म्हणाल्या, "चाळीसच्या वर नाही. काटा मला खांद्यावरून दिसतो." तेव्हा शास्त्रीबुवा मला म्हणाले, "आता मी हळू चालणार. म्हणजे माझी जागा दुसरी. बाई, पुढं तुम्ही व्हा." इतक्या वर्षांत रांगेची पहिली जागा त्यांनी कुणाला दिली नव्हती. मी नको नको म्हणत होते, पण पांडेजींनी मागून हॉर्न वाजवला. पुढं झाले.

पहिल्यानं दुसऱ्याला सांभाळायचं, म्हणून सबंध वाट माझा डोळा आरशात होता. काकूंचा एक हात शास्त्रीबुवांच्या खांद्यावर आणि दुसरा हात एकसारखा हवेत. ते बघा मोहरीचं शेत, ते काय हो, हे देऊळ कुणाचं? मला ऐकू काही येत नव्हतं, पण हात दिसत होता आणि शास्त्रीबुवांचं हेल्मेट प्रत्येक प्रश्नाला डोलत होतं. गडाच्या तटावर, जिथून गंगा वळताना दिसते, तिथं काकू उभ्या राहिल्या. पदर वाऱ्यानं फडफडत होता. म्हणाल्या, "एवढं असतं होय हे!" शास्त्रीबुवांनी त्यांना काहीही सांगितलं नाही. बाजूला उभे राहिले फक्त. मग काकू वळल्या आणि आम्हां सगळ्यांना विचारलं, "पुढच्या रविवारी कुठं?"

शास्त्रीबुवांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करून लेख संपवावा अशी रीत आहे. पण एकट्या शास्त्रीबुवांसाठी काही मागायची आता सोय राहिलेली नाही. म्हणून काशीविश्वेश्वराजवळ मागते ते दोघांसाठी: उदंड आयुष्य दे, नजर साफ ठेव आणि चारही गुडघे शाबूत ठेव. देवा, हात आखडता घेऊ नकोस. शास्त्रीबुवांचं सगळं बघून झालंय, काकूंचं एक चुनारच झालंय.